नानांच्या वाड्यापुढचा टेलिफोनचा डबा



परवा आपल्यातल्या एका ताईंनी लश्करमधल्या त्यांच्या माहेरच्या गल्लीचा फोटो इथं टाकला. वाड्याचा दरवाजा, बाजूला ओटा, ओट्याला लागून एक उभं लोखंडी कपाट आणि त्याच्या डोक्यावर दगडी फरशीचं छप्पर. खाली चार-पाच जणांनी विचारलं, हे काय आहे? एकानं लिहिलं, कुणाची तरी समाधी असावी. मला हसू आलं, आणि मग दोन दिवस काही सुचेना. तो टेलिफोनचा डबा आहे. 2000 साली मीच तो तिथं बसवला होता. वरची फरशी ताईंच्या वडिलांनी, म्हणजे आपल्या नानांनी दिलेली. या डब्याबद्दल एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही, नानांनासुद्धा नाही. ती आज लिहितो.

आधी डबा म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण नव्या मुलांनी घरात तारेचा फोनच बघितलेला नाही. पूर्वी रस्त्याच्या कडेला आमच्या खात्याचे पिलर असायचे. त्यांच्यात नुसते तारांचे जोड. एक्स्चेंजकडून आलेली जाड केबल इथं फुटायची आणि घराघरात जायची. तारेला उन्हाचं काही वाटत नाही. मे महिन्यात पिलरचं दार उघडलं की हात भाजायचा, पण आतलं काम चालू असायचं. पुढे गल्लीतल्या फोनांची मागणी इतकी वाढली की एक्स्चेंजपासून प्रत्येक घरापर्यंत तांब्याची वेगळी जोडी नेणं परवडेना. मग आले हे डबे. एक्स्चेंजचाच एक तुकडा उचलून रस्त्यावर आणून ठेवायचा. आत इलेक्ट्रॉनिक कार्डं, वीज सरळ करणारा रेक्टिफायर, दोन व्होल्टचे 24 सेल आणि दोन पंखे. गल्लीतल्या सगळ्या फोनांना वीज या डब्यातून जायची. पूर्वी बिजली गेली तरी फोन चालायचा, तो एक्स्चेंजच्या मोठ्या बॅटरीवर. आता ती जबाबदारी या 24 सेलांवर आली.

जागा मीच निवडली. नानांच्या वाड्याच्या दाराशेजारी कडुनिंबाचं मोठं झाड होतं, त्याच्या खाली. नाना बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. काम चालू असताना खुर्ची टाकून बसायचे. पहिल्याच दिवशी विचारलं, "अरे, तुझ्या पेटीला ऊन कुठून लागणार?" मी म्हटलं, "नाना, झाड आहे की." ते म्हणाले, "झाड तुझ्या खात्याचं आहे का?" मी हसण्यावारी नेलं.

ग्वाल्हेरचा उन्हाळा इथल्या माणसाला सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो, मेअखेर पारा 45-46 च्या घरात आठवडाभर बसून राहतो, लू चालते, आणि संध्याकाळी आंधी आली की घरात बोटभर धूळ. अशा हवेत लोखंडी डब्यात काय होतं? दोन बाजूंनी उष्णता येते. एक आतली. आमच्या डब्यातलं सामान सहाशे वॉटच्या आसपास वीज खायचं, आणि त्यातली जवळजवळ सगळी उष्णता होऊन तिथंच राहते. म्हणजे बंद कपाटात सहा शंभर वॉटचे बल्ब रात्रंदिवस लावून ठेवल्यासारखं. दुसरी उन्हाची. भर दुपारी एका चौरस मीटरवर हजार वॉटपर्यंत ऊन पडतं. करड्या रंगाचा पत्रा त्यातलं बरंचसं पिऊन घेतो.

पंखे असतात, पण पंखा गार करत नाही, तो नुसती हवा बदलतो. सहाशे वॉट उष्णता बाहेर काढायची आणि आतलं तापमान बाहेरपेक्षा दहा अंशांहून वर जाऊ द्यायचं नाही, तर सेकंदाला पन्नास-पंचावन्न लिटर हवा डब्यातून वाहायला लागते. खालून आत, वरून बाहेर. आणि एवढं सगळं जमलं तरी बाहेर 45 असेल तर आत 55. ऊन वेगळं. चांगली कार्डं तेवढं सोसतात, त्यांचं डिझाइनच तसं असतं. आमच्या ट्रेनिंगमध्ये सी-डॉटच्या लहान खेडेगावी एक्स्चेंजचं नेहमी उदाहरण द्यायचे. 128 लाइनींचं, एसीशिवाय चालणारं देशी मशीन. 1986 साली पहिल्यांदा कित्तूरला लागलं, आपल्या बेळगावकर मंडळींना ठाऊक असेल. त्यावरून आम्ही सगळ्यांनी धडा घेतला की एसी नको. पण ते मशीन खोलीत, छपराखाली असायचं हे आम्ही सोयीनं विसरलो.

कार्डांचं एक वेळ ठीक, बॅटरीचं तसं नाही. शिशाची बंद बॅटरी 25-27 अंशांना सुखी असते. त्याच्यावर दर दहा अंशांना तिचं आयुष्य निम्मं होतं, हा ढोबळ हिशेब. सहा वर्षांची बॅटरी कायम 47 अंशांत ठेवली तर दीड वर्षात संपते. संपते ती सांगून नाही. मीटर लावला की 54 व्होल्ट दाखवते, सगळं आलबेल. बिजली गेल्यावर कळतं की आत काहीच उरलेलं नव्हतं.

पहिले दोन उन्हाळे कडुनिंबानं निभावले. 2002 च्या जूनमध्ये मात्र आंध्या फार झाल्या. खालच्या झरोक्याचा फोमचा फिल्टर फाटलेला होता, धूळ कार्डांवर बसली, निम्म्या गल्लीचे फोन खरखरायला लागले. मी नवा फिल्टर मागवला. पुन्हा मागवला. आला नाही. 2003 च्या जानेवारीत विजेच्या तारांना लागतं म्हणून कडुनिंब छाटायला माणसं आली आणि छाटता छाटता बुंधा तेवढा ठेवून गेली. नाना दिवसभर ओट्यावर बसून होते, कुणाशी बोलले नाहीत.

आणि मार्चमध्ये, धुळीचे दिवस येणार म्हणून, मी बायकोची एक जुनी सुती साडी घेतली, चार पदरी घडी केली आणि खालच्या झरोक्याला आतून घट्ट बांधली.

हीच ती गोष्ट.

मला तेव्हा फार हुशारीचं वाटलं होतं. धूळ खरंच थांबली. एप्रिलमध्ये कार्डं पुसायला गेलो तर चकचकीत. साहेबांनी मीटिंगमध्ये नाव घेतलं. पण साडीचं कापड आणि फिल्टरचा फोम यांत फरक आहे. फोमची भोकं मोठी, जाडी जास्त, धूळ त्याच्या पोटात साठते आणि हवा जात राहते. साडीवर धूळ वरच्यावर लिंपली जाते. पंधरा दिवसांत तिची पाठ शेणानं सारवल्यासारखी होते. मी ती धुवायला हवी होती. धुतली नाही. पलीकडच्या किराणावाल्यानं झरोक्याच्या पुढ्यातच साबणाची खोकी रचली होती, तीही मी हलवायला लावली नाहीत, कारण त्याच्याशी माझे चांगले संबंध होते.

मे महिन्यात एक्स्चेंजमध्ये रोज दुपारी तीनच्या सुमारास त्या डब्याचा तापमानाचा अलार्म वाजायला लागला. पहिले दोन दिवस लाइनमन पळत गेला. "साहब, डिब्बा तप रहा है, अंडा रख दो तो उबल जाए." त्यानं आपल्या परीनं उपाय केले. दार उघडं ठेवलं. पण दार उघडं असलं की पंख्याची हवा खालून वर न जाता दारातूनच ये-जा करते, वरची कार्डं तशीच भाजतात, धूळ मिळते ती वेगळी. मग त्यानं ओली पोती टाकली वर. पाणी कुलपाच्या भोकातून आत झिरपलं आणि तारांच्या जोडांना हिरवा गंज धरला. कुणी म्हणालं, कूलर लावा ना समोर. आपल्या ग्वाल्हेरच्या कोरड्या हवेत कूलरसारखं सुख नाही, पण इथलं पाणी खारं. कूलरच्या जाळीवर पांढरी पुटं चढतात ना, तीच कार्डांवर चढली असती. शेवटी अलार्म वाजला की बटण दाबून आवाज बंद करायचा, असं सुरू झालं. मीसुद्धा दाबलंय.

मेच्या शेवटच्या आठवड्यात एका रात्री आंधी आली. पावणेदहाला बिजली गेली, ती ट्रान्सफॉर्मर जळाल्यामुळे पहाटेपर्यंत आलीच नाही. डब्याच्या बॅटरीनं आठ तास चालायला हवं होतं. ती वीस-पंचवीस मिनिटं चालली. गल्लीतले सगळे फोन मेले, आणि रात्री कुणाला कळायचं कारण नव्हतं.

दीडच्या सुमाराला नानांच्या छातीत कळ आली. माईंनी फोन उचलला, त्यात काही नाही. त्यांनी आधी वाटलं, आपल्यालाच अंधारात ऐकू येत नाहीये. शेजारी गेल्या, त्यांचाही बंद. मोबाइल तेव्हा गल्लीत दोघांकडेच, त्यातला एक लग्नाला इंदूरला गेलेला आणि दुसऱ्याचा उतरलेला. वरचे भाडेकरू पळत दोन गल्ल्या पलीकडे डॉक्टरांकडे गेले, तिथून पुढे बाड्यापर्यंत ऑटो शोधत. नानांना दवाखान्यात पोचायला पाऊण तासाहून जास्त लागला. मी त्या रात्री माझ्या घराच्या गच्चीवर झोपलो होतो, पाच मिनिटांच्या अंतरावर, गाडी दारात.

सकाळी सातला लाइनमन आला तेव्हा कळलं. आधी दवाखान्यात गेलो, मग डब्याकडे. बिजली आलेली होती, पंखे फिरत होते, आवाज छान येत होता. वरच्या झरोक्यापुढे हात धरला. वारा नाही. फिरणारे पंखे आणि शून्य वारा. बॅटऱ्यांची पोटं फुगलेली, एका सेलचं झाकण उचललेलं, आंबूस वास. तापलेली बॅटरी जास्त करंट ओढते, जास्त करंटनं आणखी तापते, असं ते चक्र असतं. त्याला आळा म्हणून बॅटरीला तापमान मोजणारी एक तार चिकटवायची असते. तापमान एक अंश वाढलं की 24 सेलांचं चार्जिंग 72 मिलिव्होल्टनं कमी व्हावं, म्हणजे वीस अंशांना जवळजवळ दीड व्होल्ट. आमच्याकडे ती तार बॅटरीला न चिकटवता तशीच खाली लोंबत सोडलेली होती. बिचारी फरशीचं तापमान सांगत राहिली.

लाइनमन दाराशी यायच्या आत मी ती साडी ओढून काढली, गुंडाळली आणि डिक्कीत टाकली. निळी होती, पण निळी दिसत नव्हती. रिपोर्टमध्ये लिहिलं, बॅटरीचं आयुष्य संपल्यामुळे सेवा खंडित. ते खोटं नव्हतं, म्हणून तर लिहिता आलं.

नाना वाचले. बारा दिवसांनी घरी आले. डॉक्टरांनी मला बाहेर व्हरांड्यात सांगितलं, थोडे लवकर आले असते तर हृदयाचं नुकसान कमी झालं असतं. त्यानंतर नाना जिना चढले नाहीत. वरच्या मजल्यावरची त्यांची पुस्तकं माई खाली आणून द्यायच्या.

मी भेटायला गेलो तेव्हा मनात ठरवून गेलो होतो की सांगून टाकायचं. त्यांनी मला बसवलं, माईंनी पन्हं दिलं, आणि नाना म्हणाले, "तुझ्या पेटीचं काय झालं ते मला नीट समजावून सांग." मी सगळं सांगितलं. पंखे, बॅटरी, तार, ऊन, किराणावाल्याची खोकीसुद्धा. साडी सोडून. नानांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "घर बांधताना आम्ही आधी विचारायचो, ऊन कधी कुठं येतं. तुम्ही विचारलंच नाहीत."

मग त्या माणसानं अंथरुणातून माझं काम हातात घेतलं. माईंना खडू दिला आणि दर तासाला डब्याच्या सावलीची रेघ ओट्यावर मारायला लावली. दुसऱ्या दिवशी मला ओटा दाखवला. आपल्याला वाटतं दक्षिणेची भिंत तापते. आपल्याकडे मे-जूनमध्ये दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, दक्षिणेला फारसं ऊन लागतच नाही. मार बसतो तो छपराला, आणि तीननंतर पश्चिमेला. त्याच वेळी हवाही सगळ्यात तापलेली. आमच्या डब्याचं रुंद दार नेमकं पश्चिमेला होतं. मीच ठेवलं होतं, रस्त्यावरून उघडायला सोपं म्हणून.

"घौस साहेबांच्या मकबऱ्यात जाऊन दुपारी उभा राहा," नाना म्हणाले. तानसेनच्या समाधीशेजारचा तो. मी शाळेपासून पन्नास वेळा गेलेलो, पण त्या दिवशी पहिल्यांदा बघायला गेलो. बाहेरची दगडी जाळी सगळं ऊन अंगावर घेते, आणि जाळी नि आतली भिंत यांच्यामध्ये चालायला जागा. तापतं ते बाहेरचं, आतल्या भिंतीपर्यंत पोचतं फार थोडं. जाळीतून वारा चालू. परदेशी कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये दुहेरी भिंतीचे महागडे डबे असतात, त्यांचं तत्त्व तेच.

आम्ही आमच्या ऐपतीचं केलं. डबा उचलून फिरवला, दार उत्तरेला घेतलं. नानांच्या मागच्या अंगणात दगडाची एक फरशी पडून होती, पूर्वी तिच्यावर कपडे धुवायचे. ती लोखंडी पायांवर डब्याच्या वर अर्धा फूट उंच बसवली, मधून वारा जाईल अशी. पश्चिमेला चार बोटं अंतर सोडून दुसरा पत्रा उभा केला, वर-खाली मोकळा. तो तापला की मधली हवा आपोआप वर निघून जाते आणि खालून नवी येते, चुलीच्या धुराड्यासारखी. सगळ्याला पांढरा ऑइलपेंट. आधी लाइनमननं हौसेनं चुना मारला होता, तो पहिल्या पावसात वाहून ओट्यावर आला आणि माईंनी त्याची चांगली हजेरी घेतली. झरोक्याला बाजारातला कूलरचा फोम आणला, मोठा तुकडा, घड्या घालून, म्हणजे हवा जायला जागा जास्त. दर सोमवारी धुवायचा. लिहून ठेवलं आणि धुतला. पांढऱ्या रंगावर दोन महिन्यांत कोचिंग क्लासच्या जाहिराती चिकटल्या, त्याचं मात्र काही करता आलं नाही.

राहिली बॅटरी. तिला या सगळ्यानं पुरेसं होणार नव्हतं, हे मला कळत होतं. तेही नानांनीच सोडवलं. वाड्याची देवडी, अडीच फुटी भिंतीची, जाळीची खिडकी असलेली. मेमध्येही तिथं 34 च्या वर पारा जात नाही. "तिथं ठेव," म्हणाले. मी म्हटलं, नाना, परवानगी मिळणार नाही. म्हणाले, "मी कुठं मागितली?" भिंतीतून पाइप टाकून जाड केबल नेली, बॅटरीच्या टोकाला फ्यूज लावला आणि तापमानाची तार या वेळी सेलाच्या अंगाला चिकटवली. कागदावर ती बॅटरी कायम डब्यातच राहिली. पुढच्या मेमध्ये मी मोजलं. आदल्या वर्षी दुपारी बॅटरीच्या कप्प्यात 61 आलं होतं. आता बाहेर 44 असताना वरच्या कप्प्यात 51. बॅटरीचा तो संच सात वर्षं चालला. दर महिन्याला मी देवडीत जाऊन सेल तपासायचो, नाना खाटेवरून आकडे विचारायचे आणि वहीत लिहून ठेवायचे.

ते गेले 2009 च्या थंडीत, झोपेत. त्या सहा वर्षांत मी महिन्यातून एकदा त्यांच्यासमोर बसलो आणि साडीचं बोललो नाही. कधी कधी वाटतं त्यांना कळलं असावं. एकदा फोम धुऊन वाळत घातला होता, तेव्हा म्हणाले, "आधी काय लावलं होतंस रे?" मी म्हटलं, असंच काहीतरी. ते वहीत बघत राहिले.

ताई, फोटो तुम्ही टाकलात म्हणून हे तुमच्यासाठी लिहिलं. त्या रात्री फोन का लागला नाही, याचं उत्तर तुमच्या आईला मी बॅटरी असं दिलं होतं. बॅटरी आणि माझी साडी, असं ते आहे. तुम्हाला काय म्हणायचं असेल ते म्हणा, इथं सगळ्यांसमोर म्हटलंत तरी चालेल.

वाडा बिल्डरला द्यायचं ठरतंय असं तुम्ही लिहिलंय. डबा आता रिकामा आहे, सामान केव्हाच उचलून नेलं. फरशी तेवढी काढून घ्या, ती तुमची आहे. चार बोल्टांवर आहे. पश्चिमेकडचे दोन गंजलेले असणार, आदल्या रात्री तेल सोडून ठेवा, आणि खाली दोन माणसं धरायला हवीत, वजन फार आहे. देवडीच्या भिंतीत गुडघ्याइतक्या उंचीवर एक लोखंडी पाइप निघेल. पाडणारे विचारतील, हा कसला. तो आपल्या बॅटरीचा.